पुण्यातली न्यूरोसर्जरीची ओपीडी: कोणाकडे जायचं, काय घेऊन जायचं आणि सेवा कुठे लंगडी पडते

पुण्यात न्यूरोसर्जनची वानवा नाही. स्टेशनच्या बाजूला रुबी हॉल, जहांगीर आणि ससून एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. कर्वे रस्त्याला सह्याद्री, एरंडवण्यात दीनानाथ मंगेशकर, अलका टॉकीजजवळ पूना हॉस्पिटल, रास्ता पेठेत केईएम, धनकवडीला भारती. पिंपरी-चिंचवडकडे वायसीएम, आदित्य बिर्ला, डी. वाय. पाटील. सह्याद्री समूह तर डॉ. चारुदत्त आपटे या न्यूरोसर्जननेच उभा केला. सातारा, सोलापूर, अहिल्यानगरहून पेशंट इथे येतात ते उगीच नाही. तरी एवढं सगळं असून डॉक्टरांसमोर मिळतात दहा-पंधरा मिनिटं, आणि त्यातली निम्मी पिशवीतून रिपोर्ट शोधण्यात जातात. हे परीक्षण त्या दहा-पंधरा मिनिटांचं आहे.

पहिला घोळ अपॉइंटमेंटच्या फोनवरच होतो. 'न्यूरोची वेळ पाहिजे' म्हटलं की रिसेप्शन जी जागा मोकळी असेल ती देऊन टाकतं. न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे आपण ज्याला न्यूरोफिजिशियन म्हणतो तो, औषधाने उपचार करतो. अर्धशिशी, फिट्स, कंपवात, विसरभोळेपणा, हातापायांच्या नसांची जळजळ हे त्याचं काम. मेंदूतली किंवा मणक्यातली गाठ, डोक्यात साचलेलं रक्त, मेंदूत साठलेलं पाणी, रक्तवाहिनीवरचा फुगा, दबलेला मज्जारज्जू हे न्यूरोसर्जनचं. चेहऱ्यात विजेसारखी कळ येते त्या दुखण्याला आधी न्यूरोलॉजिस्ट गोळ्या देतो आणि गोळ्या पुरेनात तेव्हा सर्जन लागतो. फोनवर 'ऑपरेशन करणारे की औषध देणारे?' एवढं विचारलं तरी एक खेप वाचते.

काही तक्रारींना ओपीडी नसतेच. तोंड वाकडं होणं, एक हात-पाय अचानक लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यात गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासच हातात असतात. आयुष्यात कधी झाली नाही इतकी भयंकर डोकेदुखी क्षणात सुरू होणं, किंवा कंबरदुखीच्या पेशंटची लघवी अडणं आणि बसायची जागा बधिर होणं, हेही थेट कॅज्युअल्टीचं काम. अशा वेळी नावाजलेल्या डॉक्टरची सोमवारची वेळ घेऊन थांबू नका. १०८ ला फोन करा आणि जिथे सीटी स्कॅन चोवीस तास चालतो, न्यूरोसर्जन ऑन-कॉल असतो, अशा जवळच्या ठिकाणी पोहोचा. दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागला असेल आणि उलट्या किंवा गुंगी सुरू झाली असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही.

एक आजार मात्र सर्रास निसटतो. आजोबा बाथरूममध्ये घसरले, टेंगूळ आलं, उतरलं. महिन्याभराने चालताना तोल जायला लागला, बोलण्यात विसंगती आली, झोप वाढली. घरात 'वय झालं' म्हणून सोडून देतात. हे कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त असू शकतं, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शक्यता आणखी वाढते. साध्या सीटी स्कॅनमध्ये ते दिसतं आणि बहुतेक वेळा कवटीला लहान छिद्र पाडून काढता येतं.

आता माणूस निवडण्याबद्दल. पाटीवर एम.सीएच. न्यूरोसर्जरी किंवा त्याच विषयातलं डीएनबी अथवा डीआरएनबी असायला हवं. एम.बी.बी.एस.ची इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, एम.एस.ची तीन आणि एम.सीएच.ची तीन, असा साडेअकरा वर्षांचा हा रस्ता. थेट सहा वर्षांचा अभ्यासक्रमही आहे. 'फेलोशिप' हा शब्द मात्र जपून वाचावा. त्यात पूर्ण वर्षाचं कामही येतं आणि काही आठवड्यांची हजेरीही, म्हणून कुठे आणि किती महिने हे विचारायला संकोच नको. प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक असतो, तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो. एनएबीएच हे मानांकन हॉस्पिटलचं असतं, सर्जनच्या हाताचं नव्हे. आणि गूगलवरचे तारे? निम्मे पार्किंगच्या रागातून कमी झालेले असतात.

खरी निवड आजारावरून करायची. न्यूरोसर्जरीतही आता वाटण्या झाल्या आहेत. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीची गाठ नाकातून दुर्बिणीने काढतात; तिथे कान-नाक-घशाचा सर्जन आणि हॉर्मोन्सचा डॉक्टर जोडीला लागतो. रक्तवाहिनीचा फुगा दोन प्रकारे बंद होतो: कवटी उघडून क्लिप लावून, किंवा मांडीतून वा मनगटातून नळी घालून आतून कॉइल भरून. एकच पद्धत करणारा साहजिकच तीच सुचवतो, म्हणून दोन्ही सोयी असलेल्या ठिकाणी सल्ला घ्यावा. लहान मुलांचे शंट (मेंदूत साठलेलं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या), जन्मजात मणक्याचे दोष यांना मुलांच्या शस्त्रक्रियेत रुळलेला हात हवा. मणक्यातली गादी सरकली असेल तर न्यूरोसर्जन आणि अस्थिरोग शाखेतला स्पाइन सर्जन दोघेही चालतात; त्यावरून चालणारे वाद पेशंटच्या फारसे उपयोगाचे नसतात. मज्जारज्जूच्या आवरणाच्या आतली गाठ मात्र न्यूरोसर्जनकडेच न्यावी, आणि पाठीचा बाक सरळ करायचा असेल तर ते काम सतत करणाऱ्या स्पाइन सर्जनकडे.

पुण्याची एक खास गोम आहे. एकच डॉक्टर सकाळी एका मोठ्या हॉस्पिटलात, संध्याकाळी दुसऱ्या भागातल्या स्वतःच्या क्लिनिकात, आणि आठवड्यातून एकदा तिसरीकडे. क्लिनिकात भेटून पसंत पडतात, पण ऑपरेशन कुठे होणार हे शेवटी कळतं. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: माझं ऑपरेशन कोणत्या हॉस्पिटलात, तिथे मायक्रोस्कोप आणि नेव्हिगेशन (ऑपरेशन चालू असताना नेमकी जागा पडद्यावर दाखवणारं यंत्र) आहे का, नसांवर लक्ष ठेवणारं मॉनिटरिंग लावणार का, आणि रात्री दोन वाजता आयसीयूमध्ये पेशंटच्या डोळ्याची बाहुली मोठी झाली, म्हणजे मेंदूवर दाब वाढला, तर तिथे कोण असेल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जिथे सरळ मिळतं, ती जागा आमच्या मते पंचतारांकित लॉबीपेक्षा बरी.

आता तयारी. कागदांपेक्षा आधी शब्द साफ करून जावेत, कारण घोटाळा तिथेच जास्त होतो. 'चक्कर येते' म्हणजे खोली गरगर फिरते, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, की डोकं ठीक पण पाय तोल धरत नाहीत? तिघांची कारणं वेगळी. 'झटका आला' म्हणजे फिट, अर्धांगवायू, की पायातून करंट गेल्यासारखी कळ? 'अशक्तपणा' म्हणजे थकवा, की चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही? 'बधिर' म्हणजे स्पर्श कळत नाही, की हात जड वाटतो? शर्टाची बटणं लावताना वेळ लागतो, अक्षर बिघडलंय, जिना उतरताना कठडा धरावा लागतो, ही तीन वाक्यं मानेतल्या मज्जारज्जूवर दाब असल्याची शंका यायला पुरेशी असतात. पण पेशंट सांगतो काय, तर 'मान आखडते'.

आणि ते प्रसिद्ध 'मणक्यात गॅप आहे'. गॅप पडलेली नसते, असलेली कमी झालेली असते: दोन मणक्यांमधली गादी वाळून चपटी होते. शिवाय कसलाही त्रास नसलेल्या विशीतल्या माणसांचा एमआरआय काढला तरी साधारण ३० टक्क्यांमध्ये गादी फुगलेली दिसते, आणि ऐंशीच्या घरात ८४ टक्क्यांमध्ये. म्हणजे रिपोर्टमध्ये 'एल-४, एल-५ डिस्क बल्ज' लिहिलंय यावरून ऑपरेशन ठरत नाही. ज्या पायात कळ जाते त्याच बाजूची, त्याच पातळीची नस चित्रात दबलेली दिसली पाहिजे. ती जुळणी करण्यासाठीच डॉक्टर पाय उचलून बघतात, अंगठा वर ओढायला लावतात, टाचेवर आणि चवड्यावर चालवतात. पेशंटला हातही न लावता फक्त फिल्म उजेडाला धरून तारीख देणाऱ्याकडून उठून यावं.

एका कागदावर, फार तर एका पानात, हे लिहा: त्रास कधी सुरू झाला, उजवा की डावा, कशाने वाढतो, कशाने कमी होतो, लघवी-शौचावर ताबा कसा आहे, आधीची ऑपरेशनं, मधुमेह-रक्तदाब-दमा, कशाची ॲलर्जी. फिट येत असेल तर घरच्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढावा; तो कितीही हललेला असला तरी शब्दांतल्या वर्णनापेक्षा उपयोगी. औषधांची नावं आठवून सांगू नयेत, पाकिटंच न्यावीत. 'ती पांढरी बारकी गोळी' यावरून कोणालाच काही कळत नाही. त्यात वैद्यांची चूर्णं, जिममधल्या पावडरी आणि ओळखीच्या दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्याही आल्या.

गोळ्यांबाबत सगळ्यात महागात पडणारी चूक दोन टोकांची असते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, ॲसिट्रॉम, एपिक्साबॅन ही रक्ताशी खेळणारी औषधं. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि वॉरफेरिन ठरलेल्या ऑपरेशनआधी बहुधा पाच ते सात दिवस थांबवतात, नवीन गोळ्या त्याहून कमी. पण हृदयात स्टेंट असलेल्याने त्या मनाने बंद केल्या तर स्टेंट तुंबू शकतो, आणि सांगितल्याच नाहीत तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हृदयाच्या डॉक्टरांची लेखी चिठ्ठी आधीच आणली तर आठवडाभराची धावपळ वाचते. डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड आणि फिटच्या गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत. फिटची गोळी सहसा ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर द्यायला सांगतात. स्टिरॉइडने साखर चढते हे मधुमेह्यांनी लक्षात ठेवावं. तंबाखू, सिगारेट आणि हो, मिश्रीसुद्धा, स्क्रू लावून मणके जोडायचे असतील तर डॉक्टरांना खरी सांगा. निकोटिनने हाड जुळायला वेळ लागतो, कधी जुळतच नाही. मिश्री लावणाऱ्या बायका 'व्यसन नाही' असंच सांगतात, आणि विचारणाराही पुढे विचारत नाही.

एमआरआयबद्दल थोडं सविस्तर, कारण पैसे इथेच दुहेरी जातात. सेंटर मोठी फिल्म आणि छापील रिपोर्ट देतं. त्या फिल्मवर शेकडो चित्रांतली निवडक चित्रं असतात. सर्जनला सगळी हवी असतात. म्हणून निघतानाच 'डायकॉम डेटाची सीडी द्या' म्हणावं, किंवा पेनड्राइव्ह न्यावा. लिंक दिली असेल तर घरी लगेच उतरवून ठेवा, कारण काही लिंका मुदतीनंतर उघडत नाहीत. रिपोर्टचा मोबाइलवर काढलेला फोटो म्हणजे एमआरआय नव्हे. कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र ठळक दिसण्यासाठी शिरेतून दिलं जाणारं औषध, द्यायचा असेल तर क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट मागतात, मूत्रपिंड ठीक आहे ना ते पाहायला. मशिनमध्ये वीस ते पंचेचाळीस मिनिटं निश्चल पडायचं असतं. बंद जागेची भीती असेल तर वेळ घेतानाच सांगा. पेसमेकर, कानातलं कॉक्लियर यंत्र, मेंदूतली जुनी क्लिप, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण यातलं काही असेल तर ते आधी कळलंच पाहिजे. वेल्डिंग किंवा लेथवर काम केलेल्यांनी शेवटचं विसरू नये. बाहेरून दाब बदलता येणारा शंट बसवलेला असेल तर एमआरआयनंतर त्याचं सेटिंग तपासून घ्यावं लागतं. चुंबकाने ते हलू शकतं. आणि घट्ट बसलेली जोडवी! ऐन वेळी साबण लावून निघत नाहीत. आदल्या दिवशी सोनाराकडून सैल करून घ्या. मंगळसूत्र, आकडे, सेफ्टीपिना, ताईत, कवळी हे सगळं घरीच ठेवलं तर बरं.

मेंदूच्या गाठीच्या ऑपरेशनआधी एक-दोन दिवस पुन्हा एमआरआय सांगतात, तेव्हा नातेवाइकांना वाटतं की लूट चालली आहे. बहुधा तसं नसतं. नेव्हिगेशनसाठी एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचे सलग छेद हवे असतात. पहिल्या तपासणीत ते नसतात. पण पहिल्या एमआरआयच्या आधीच सर्जनने ते लिहून दिलं असतं तर कधी कधी दुसरा टळला असता, हेही खरं. म्हणून ओळखीच्या डॉक्टरच्या सांगण्यावरून घाईने एमआरआय उरकण्यापेक्षा, तातडी नसेल तर आधी सर्जनला भेटून त्याच्याकडून नेमकी मागणी लिहून घ्यावी.

भेटीच्या दिवशी कंबरेच्या पेशंटला ॲक्टिव्हाच्या मागच्या सीटवर बसवून आणू नये. हे सांगावं लागतं, कारण पुण्यात असं होतं. मेट्रोला लिफ्ट आहेत आणि खड्डे नाहीत: रुबी हॉल आणि जहांगीरसाठी रुबी हॉल क्लिनिक स्टेशन, कर्वे रस्ता-एरंडवण्यासाठी गरवारे कॉलेज किंवा नळ स्टॉप आणि तिथून रिक्षा. कपडे सैल, गुडघ्यापर्यंत सहज वर सरकणारे. जीन्स नको, फितीचे बूट नकोत. मधुमेह्याने डबा न्यावा. ओपीडीची अकराची वेळ साडेबाराला लागते ती बेपर्वाईमुळेच असं नाही. मधेच कॅज्युअल्टीतून बोलावणं येतं. पण तसं फोन करून कळवण्याची पद्धत फार थोड्या ठिकाणी आहे, आणि सेवेतली ही उणीव सहज भरून निघण्यासारखी आहे. निघण्याआधी 'डॉक्टर थिएटरमध्ये आहेत का?' असं आपणच विचारावं.

आत पेशंटबरोबर एकच बोलणारा माणूस हवा, आणि तो पेशंटसोबत राहणारा हवा. अमेरिकेतल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर घेऊन सगळं पुन्हा सांगायला लावलं की डॉक्टर आवरतं घेतात. बोलणं रेकॉर्ड करायचं तर आधी विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. प्रश्न लिहून न्या. ऑपरेशन केलं नाही तर पुढच्या सहा महिन्यांत काय होईल? हे ऑपरेशन दुखणं कमी करण्यासाठी आहे की ताकद वाचवण्यासाठी? असं ऑपरेशन तुम्ही महिन्याला साधारण किती करता? तुमच्या हातून होणाऱ्या अशा ऑपरेशनांत काय बिघडतं, आणि बिघडलं तर पुढे काय करता? प्रत्यक्ष ऑपरेशन तुम्हीच करणार ना? 'काही होत नाही हो' हे शेवटून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही. सरकलेल्या गादीची पायातली कळ बहुतेकांमध्ये सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतरते. पाऊल लुळं पडायला लागलं, ताकद घटत चालली किंवा लघवी अडली तरच घाई. त्यामुळे 'उद्याच दाखल व्हा' असं कळ सुरू झाल्यापासून दुसऱ्या आठवड्यात, ताकद पूर्ण असताना कोणी म्हटलं, तर दुसरं मत घ्या. 'लेझर', 'बिनटाक्याचं', 'एका दिवसात घरी' हे छेदाचे गुण झाले. आतून किती आणि का काढणार, हे त्यातून कळत नाही.

दुसरं मत घ्यायला पुणे फार सोयीचं आहे, कधी कधी एका दिवसात होतं. पहिल्याने काय सांगितलं ते दुसऱ्याला लगेच सांगू नका. आधी तपासू द्या. कागद अडवले जात असतील तर लक्षात ठेवा, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी देणं बंधनकारक आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

पैशांच्या बाबतीत ही सेवा सगळ्यात धूसर आहे. अंदाजपत्रक तोंडी मिळतं आणि 'पॅकेज'मध्ये काय नाही ते बिलात कळतं. इम्प्लांट, ड्रिलची टोकं (बर), रक्त, गाठीची पॅथॉलॉजी तपासणी आणि तिच्यावरच्या पुढच्या चाचण्या, आयसीयूचे वाढीव दिवस, फिजिओ, हे एकेक विचारून लिहून घ्यावं. विम्यात गादी सरकण्याच्या आजाराला बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षांचा थांबा असतो. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली तर नुसत्या भाड्यातच नाही, बिलातल्या इतर खर्चांतही त्याच प्रमाणात कपात होऊ शकते, म्हणून 'डिलक्स घेऊ, फरक भरू' हा हिशेब फसतो. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यावा, असं २०२४ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना बजावलं आहे. हॉस्पिटलातल्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे दावे पाहणाऱ्या खिडकीवर, याची आठवण करून द्यायला हरकत नाही.

ज्यांच्याकडे विमा नाही त्यांच्यासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे: वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत, रेशनकार्ड आणि आधारवर. पण यादीतल्या हॉस्पिटलात, यादीतल्याच ऑपरेशनला आणि बहुधा आधी मंजुरी घेऊन. दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, गाठा. पैसे भरून झाल्यावर योजना आठवली तर उपयोग होत नाही. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हातात असेल तर समाजसेवा विभागातलं बोलणं पाच मिनिटांत संपतं, नसेल तर चार खेपा होतात. ससूनला रांग लांब आणि दिवस पूर्ण जातो, केसपेपरपासून सगळं सकाळीच करावं लागतं. पण गंभीर केस रांगेतून पुढे काढली जाते आणि बिलाची धास्ती नसते. तिथे तपासणारा पहिला डॉक्टर निवासी, म्हणजे पुढचं शिक्षण घेत असलेला, असेल, त्याने नाक मुरडण्यासारखं काही नाही. तो खासगी ओपीडीपेक्षा पुष्कळदा जास्त वेळ देऊन तपासतो.

बाहेर पडताना प्रिस्क्रिप्शनवर तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते केबिनच्या दारातच पाहा: निदान, पुढची तारीख, आणि काय झालं तर तारखेची वाट न बघता यायचं. तिसरी नसेल तर परत आत जाऊन लिहून घ्या. आणि सीडी, ती डॉक्टरांच्या कॉम्प्युटरमध्ये राहून जाते.